डोळा लागता लागता बसणारा झटका

गेल्या काही आठवड्यांत या सदराकडे आलेल्या बऱ्याच पत्रांत एकच तक्रार आहे. झोप लागता लागता अंग उडतं, दचकायला होतं, डोक्यात आवाज होतो, पाय स्वस्थ बसत नाहीत. अनेकांनी सोबत रिपोर्ट जोडले आहेत. ईसीजी, एमआरआय, रक्ताच्या डझनभर तपासण्या. पण झटका नेमका कधी येतो, हे फार थोड्यांनी लिहिलं आहे. जागेपणी, डोळा लागताना, गाढ झोपेत, की सकाळी उठल्यावर? निदानाचं निम्मं काम या एका उत्तरावर होतं आणि त्याला एक रुपयाही लागत नाही. म्हणून खालचं प्रत्येक पत्र वाचताना मी आधी ते शोधलं आहे.

प्रश्न : वय ३१, पुण्यात आयटी कंपनीत नोकरी. चार महिन्यांपासून झोप लागतेय असं वाटतं न वाटतं तोच पायरी चुकल्यासारखं होतं आणि सगळं अंग उडतं. छातीत धडधडतं, घाम येतो. एखाद्या रात्री चार-पाच वेळा होतं. ईसीजी, टू-डी एको, मेंदूचा एमआरआय, सगळं नॉर्मल आलं. आता अंथरुणावर पाठ टेकायचीच भीती वाटते. ही फिट आहे का? झोपेत हृदय बंद पडेल का?

उत्तर : दोन्ही प्रश्नांचं उत्तर नाही असं आहे. झटका फक्त डोळा लागताना येतो, अंग एकदाच उडतं, त्या क्षणी तुम्ही भानावर असता, जीभ चावली जात नाही, नंतर गोंधळल्यासारखं होत नाही. हे सगळं तुम्ही पत्रात नीट लिहिलं आहे, त्यामुळे मी इतक्या खात्रीने सांगू शकते. याला हिप्निक जर्क किंवा स्लीप स्टार्ट म्हणतात. साधारण ६० ते ७० टक्के लोकांना तो आयुष्यात कधी ना कधी येतो. झोपेच्या विकारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातही त्याची नोंद आजारांत नाही, निरोगी माणसांत आढळणाऱ्या प्रकारांत आहे. उचकी हाही स्नायूंचा असाच अचानक येणारा झटका असतो आणि उचकीला आपण घाबरत नाही.

आत काय घडतं ते सांगते, कारण ते कळलं की भीती निम्मी होते. जागेपण टिकवणारी केंद्रं मुख्यतः मेंदूच्या देठात असतात. झोप आणणाऱ्या पेशींचा एक छोटा गट हायपोथॅलॅमस या मेंदूच्या तळाशी असलेल्या भागात, पुढच्या बाजूला असतो. झोप येते तेव्हा हा गट जागेपणाच्या केंद्रांना हळूहळू गप्प करतो. पण हा बदल सगळ्या मेंदूत एकाच क्षणी होत नाही. स्नायू सैल पडायला लागलेले असतात, आजूबाजूचे आवाज पुसट झालेले असतात, आणि तेवढ्यात देठातल्या पेशींच्या जाळ्यातून एक आवेग मज्जारज्जूत उतरतो आणि हातपाय उडतात. हा सगळा प्रकार साधारण पाव सेकंदात आटोपतो. अर्धवट झोपेतला मेंदू त्याला एखादं चित्र जोडतो. कुणाची पायरी चुकते, कुणी विहिरीत पडतो, कुणाचा गच्चीच्या कठड्यावरून तोल जातो. इयन ऑस्वाल्ड या ब्रिटिश संशोधकाने १९५९ साली झोपी जाणाऱ्या माणसांच्या मेंदूचे आलेख घेऊन या झटक्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. हा अपस्माराहून, म्हणजे फिट येण्याच्या आजाराहून, वेगळा प्रकार आहे, ही समज त्या काळापासूनची आहे. आपले पूर्वज झाडावर झोपत आणि पडू नये म्हणून हा झटका आला, असा मजकूर व्हॉट्सॲपवर फिरतो. ती एक कल्पना आहे, तिला पुरावा नाही.

छातीतल्या धडधडीबद्दलही स्पष्ट करते. तुम्ही दचकून जागे होता म्हणून हृदय जोरात चालतं. कुणी कानाजवळ अचानक टाळी वाजवली तरी तेच होईल. झोपेत हृदय बंद पडण्याशी याचा संबंध नाही. तुमच्या तपासण्या झाल्या आहेत, आणखी करू नका.

आता खरा प्रश्न, चार महिन्यांपासून हे इतकं का वाढलं? तुम्ही दिनक्रम दिला आहे. रात्री अकरापर्यंत अमेरिकेतल्या क्लायंटशी कॉल, त्याआधी साडेनऊला मोठा मग भरून कॉफी, कॉल संपल्यावर तासभर जिम, मग झोप. दीड ते सातपर्यंत, तीही तुकड्या-तुकड्यांनी. झोपेची तूट, कॅफीन, झोपेच्या तोंडावर केलेला जोरकस व्यायाम आणि मनावरचा ताण, हे झटके वाढवणारे चारही घटक तुमच्या एकाच संध्याकाळी हजर आहेत. घेतलेल्या कॅफीनपैकी निम्मं शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात, काहींना याहून बराच जास्त वेळ. साडेनऊच्या कॉफीतलं निम्मं कॅफीन रात्री अडीचलाही तुमच्या रक्तात असतं. कॉफी दुपारी दोनच्या आत आणा. जिम सकाळी करा किंवा कॉलच्या आधी.

या चारांवर भीती बसली आहे आणि ती सगळ्यांत चिवट आहे. आज येईल का, आत्ता येईल का, असं म्हणत तुम्ही झोपेवर पहारा ठेवता. पहाऱ्याने मेंदू सावध राहतो, सावध मेंदू झोपेच्या उंबरठ्यावर जास्त वेळ रेंगाळतो, आणि झटका त्या उंबरठ्यावरच येतो. पुन्हा दचकता, पुन्हा पहारा. हे तोडायचं तर झटका थांबवायचा प्रयत्न सोडून द्यावा लागेल. आला की कूस बदलायची आणि पडून राहायचं. नाडी मोजायची नाही, मोबाइलवर लक्षणं शोधायची नाहीत, घड्याळ बघायचं नाही. वीसेक मिनिटं झोप लागलीच नाही तर उठून दुसऱ्या खोलीत मंद उजेडात काहीतरी कंटाळवाणं वाचा आणि पेंग आल्यावरच अंथरुणावर परत या. रात्र कशीही गेली तरी सकाळी उठायची वेळ एकच ठेवा, रविवारीसुद्धा. तीन-चार आठवडे हे नेटाने करा. तरीही रोज रात्री झोपमोड होत राहिली तर झोपविकारांच्या डॉक्टरांना भेटा. अशा थोड्या रुग्णांना काही काळ औषध द्यावं लागतं, पण ते त्यांनी ठरवायचं.

प्रश्न : मुलगा १७ वर्षांचा, बारावीला. लातूरला खोली घेऊन नीटची तयारी करतो. रात्री दोनपर्यंत अभ्यास, पहाटे साडेपाचला उठतो. सकाळी दात घासताना हाताला झटका बसून ब्रश उडतो, दोनदा चहाचा कप हातातून फेकला गेला. 'झोप कमी झाली की दचकायला होतंच' असं सगळे म्हणतात. झोपताना त्याला काही होत नाही. टॉनिक द्यावं का?

उत्तर : ताई, टॉनिक नको. याच आठवड्यात त्याला मेंदूविकारतज्ज्ञांकडे न्या. आजच्या सगळ्या पत्रांत मला सगळ्यांत जास्त काळजी तुमच्या पत्राची वाटली.

वरच्या पत्रातला झटका झोपेत शिरताना येतो, तुमच्या मुलाचा झोपेतून बाहेर आल्यावर. तोही पूर्ण जागेपणी, हाताखांद्यांत, उठल्यानंतरच्या पहिल्या तासाभरात, आणि झोप कमी झाल्यावर जास्त. बारा ते अठरा वर्षांच्या मुलामुलींत हे चित्र दिसलं की जुव्हेनाइल मायोक्लोनिक एपिलेप्सी हा अपस्माराचा प्रकार आधी तपासावा लागतो. जर्मन डॉक्टर डिएटर यान्झ यांनी १९५७ साली त्याचं सविस्तर वर्णन केलं. मुलगा हुशार असतो, एमआरआय नॉर्मल येतो, झटका येताना शुद्ध हरपत नाही, म्हणून घरात कुणाला संशयच येत नाही. वेंधळेपणा म्हणून ओरडा बसतो. मग परीक्षेच्या आदल्या जागरणानंतर एखाद्या सकाळी मोठी आकडी येते आणि तेव्हा कुठे ब्रश का उडत होता ते कळतं. तुमचा मुलगा अजून त्या टप्प्यावर गेलेला नाही, म्हणून आत्ताच हलायचं.

डॉक्टर ईईजी म्हणजे मेंदूचा विद्युत आलेख काढतील, बहुधा रात्री कमी झोपवून सकाळी. पहिला आलेख साधा आला तरी संशय सोडायचा नसतो. जमलं तर सकाळच्या झटक्याचा मोबाइलवर व्हिडिओ काढून न्या. निदान ठरलं तर बहुतेक मुलांना औषधाने पूर्ण आराम पडतो, शिक्षण, नोकरी, लग्न सगळं नीट होतं. मात्र औषध बरीच वर्षं, अनेकदा कायम घ्यावं लागतं, आणि तेही योग्य निवडावं लागतं. फिटसाठी सर्रास दिली जाणारी कार्बामाझेपिन आणि फेनिटॉइन ही औषधं या प्रकारात झटके वाढवू शकतात. दुसऱ्या कुणाच्या फिटच्या गोळ्या म्हणूनच सुरू करू नका. (हेच पत्र मुलीबद्दल असतं तर आणखी एक गोष्ट सांगितली असती : व्हॅल्प्रोएट या औषधाने पुढे गरोदरपणात बाळात व्यंग येण्याचा धोका असतो, त्यामुळे मुलींच्या बाबतीत ते शक्यतो टाळतात.)

तपासणी होईपर्यंत त्याने मोटारसायकल चालवू नये, विहिरीत किंवा तलावात पोहायला जाऊ नये, दारूपासून दूर राहावं. आणि झोप. लातूरच्या शिकवण्यांच्या वेळापत्रकात ती कुठे बसवायची, असं तुम्ही विचाराल. ती आधी बसवायची आणि उरलेल्या वेळात अभ्यास. या मुलासाठी सात-आठ तासांची झोप हा उपचाराचा भाग आहे. खोलीवरच्या मित्रांनाही सांगून ठेवा : मोठी आकडी आलीच तर त्याला कुशीवर वळवायचं, डोक्याखाली काहीतरी मऊ ठेवायचं, तोंडात चमचा घालायचा नाही, कांदा किंवा चप्पल हुंगवत बसायचं नाही. पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८ला फोन.

प्रश्न : वय ६२, नाशिक. झोप लागतेय तोच डोक्याच्या आत फटाका फुटावा तसा आवाज होतो. एकदा तर सिलिंडरचा स्फोट झाला असं वाटून मी सगळ्यांना उठवलं. दुखत काहीच नाही. मेंदूतली रक्तवाहिनी फुटतेय का?

उत्तर : नाही. मेंदूभोवती रक्तस्राव होतो तेव्हा काही क्षणांत, आयुष्यात कधी झालं नसेल असं भयंकर डोकं दुखतं. तुम्हाला वेदना अजिबात नाही, आवाज झोपेच्या उंबरठ्यावरच होतो आणि जाग आली की नाहीसा होतो. ही एक्स्प्लोडिंग हेड सिंड्रोमची ओळख आहे. नाव भीतीदायक असलं तरी त्यात डोक्याला काहीही इजा होत नाही. सायलस वेअर मिचेल या अमेरिकन डॉक्टरांनी असे रुग्ण एकोणिसाव्या शतकातच नोंदवले होते, आणि आजचं नाव ब्रिटिश मेंदूविकारतज्ज्ञ पिअर्स यांच्या १९८०च्या दशकातल्या लेखांमुळे रुळलं.

हा झटकाच आहे, फक्त तो स्नायूंऐवजी ऐकण्याच्या केंद्रात उमटतो. काहींना आवाजाऐवजी डोळ्यांपुढे वीज चमकल्यासारखा प्रकाश दिसतो. हा प्रकार पन्नाशीनंतरच्या बायकांत जास्त, असं पूर्वी मानत. पुढे कॉलेजच्या मुलांना विचारलं तर त्यांच्यातही तो सर्रास निघाला. गोळ्यांची गरज सहसा पडत नाही. तुमच्यासारख्या अनेकांना 'मेंदूला काही झालेलं नाही' एवढं ठामपणे कुणी सांगितलं की आवाजाची वारंवारता आपोआप कमी होते. घरच्यांनाही हे वाचून दाखवा, म्हणजे पुढच्या वेळी सगळ्यांची धावपळ होणार नाही. आवाजाबरोबर डोकं दुखलं, बोलणं अडखळलं, हातापायातली शक्ती गेली किंवा भान हरपलं, तर मात्र ते वेगळं प्रकरण. लगेच दवाखाना गाठा.

प्रश्न : नात तीन आठवड्यांची आहे. झोपेत तिचे हातपाय टकटक उडतात, कधी दोन-तीन मिनिटं चालतं. पाळणा हलवला की वाढतं. शेजारीण म्हणते दृष्ट लागली, एका ओळखीच्या माणसाने फिट आहे सांगितलं. सून रडतेय. — सांगलीहून एक आजी

उत्तर : आजी, एक प्रयोग करा. झटके चालू असताना बाळाला हळूच पूर्ण जागं करा. जागं होताक्षणी थांबले आणि जागेपणी एकदाही दिसले नाहीत, तर ही बहुधा नवजात बाळांच्या झोपेतली साधी थरथर आहे. कूल्टर आणि ॲलन या डॉक्टरांनी १९८२ साली ती वेगळी ओळखून सांगितली. पहिल्या पंधरवड्यात सुरू होते, बहुतेक बाळांत तीन-चार महिन्यांत आपोआप जाते, वाढीवर काही परिणाम ठेवत नाही. पाळणा हलवल्यावर वाढते, हे तुम्ही अगदी बरोबर हेरलं आहे, तो या थरथरीचा गुणधर्मच आहे. हातपाय दाबून धरूनही ती थांबत नाही. उलट फिट समजून औषधं सुरू केली की बाळाला विनाकारण गुंगी येते आणि काही औषधांनी थरथर वाढते.

पाळण्यात ठेवताना किंवा मोठा आवाज झाल्यावर बाळ दोन्ही हात फाकवून दचकतं, ते निराळं. तो मोरो नावाचा जन्मजात प्रतिसाद, साधारण सहा महिन्यांपर्यंत जातो. बाळ झोपेत हसलं की सटवाई हसवते असं आपण म्हणतो, ते हसूही अपरिपक्व मेंदूची अशीच हालचाल असते आणि त्याचं कौतुक करायला काहीच हरकत नाही. दृष्ट काढायची असेल तर काढा, पण मिरच्या-मोहरीचा धूर बाळाच्या खोलीत नको.

तरी बालरोगतज्ज्ञांना व्हिडिओ एकदा दाखवाच. बाळ दूध नीट ओढत नसेल, सुस्त असेल, ताप असेल किंवा झटके जागेपणीही दिसले, तर त्याच दिवशी.

आणि ही गोष्ट सुनेला लिहून ठेवायला सांगा, कारण ती पुढे लागू शकते. तिसऱ्या महिन्यापासून वर्षाच्या आतल्या बाळांत एक गंभीर प्रकार असतो. झोपेतून उठल्यावर बाळ नमस्कार घातल्यासारखं पुढे वाकतं, हात पसरतात, क्षणभराने सैल होतं, काही सेकंदांनी पुन्हा तेच, असं ओळीने अनेकदा. हळूहळू ते हसायचं, नजर द्यायचं कमी होतं. विल्यम वेस्ट या इंग्रज डॉक्टरांनी १८४१ साली स्वतःच्या मुलात हे पाहून 'लॅन्सेट'ला पत्र लिहिलं होतं. पोटात दुखतं, गॅस झालाय म्हणून घरी यात आठवडे वाया जातात, आणि उपचार जितके लवकर तितका मेंदू जास्त वाचतो. असं दिसलं तर थांबू नका.

प्रश्न : चिंतेसाठी तीन आठवड्यांपूर्वी एस्सिटॅलोप्रॅम सुरू झालं. मन शांत आहे, पण झोपताना अंग जास्त उडायला लागलं. बंद करू का? मेडिकलवाल्याने अल्प्राझोलाम घ्या म्हटलं.

उत्तर : एकदम बंद करू नका, चक्कर, चिडचिड, डोक्यात विजेचे झटके असे त्रास होतात. चिंता-नैराश्यावरच्या या गटातल्या औषधांनी झोपेच्या तोंडावरचे झटके वाढल्याच्या नोंदी आहेत, त्यामुळे तुमचा संशय रास्त आहे. डॉक्टरांना विचारून गोळी रात्रीऐवजी सकाळी घेता येईल, मात्रा बदलता येईल. झटक्यांबरोबर दिवसा हात थरथरणं, खूप घाम, जुलाब, ताप, अस्वस्थता असेल, किंवा अलीकडे ट्रॅमाडॉलसारखं वेदनाशामक सोबत सुरू झालं असेल, तर वाट न बघता आजच दाखवा. अल्प्राझोलाम चिठ्ठीशिवाय विकणं कायद्याने मना आहे आणि त्याची सवय फार लवकर लागते. ते घेऊ नका.

प्रश्न : वय ४४, गृहिणी, कोल्हापूर. रात्री पडलं की पोटऱ्यांत काहीतरी वळवळतं, पाय हलवल्याशिवाय राहवत नाही. उठून चाललं की बरं, पडलं की पुन्हा. मुलीकडून पाय चेपून घेते. मग झोपेतही पाय झटकते असं हे सांगतात. पाळी जास्त जाते. कॅल्शियम घेऊन फरक नाही.

उत्तर : कॅल्शियमने फरक पडणार नव्हताच. पाय हलवण्याची अनावर ओढ, स्वस्थ पडल्यावर सुरुवात, चालल्यावर आराम आणि संध्याकाळनंतर जोर, या चार गोष्टी एकत्र असल्या की ते रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम असतं. थॉमस विलिस यांच्या सतराव्या शतकातल्या ग्रंथातही त्याचं वर्णन आहे, आणि स्वीडनच्या एकबॉम यांनी १९४५ साली त्याची नीट मांडणी केली. झोप लागल्यावर दर वीस-चाळीस सेकंदांनी पाय झटकला जाणं हे अनेकदा त्याच्या जोडीने येतं. पोटरीत गोळा येतो तेव्हा स्नायू दगडासारखा कडक होऊन कळ येते, तो प्रकार हा नव्हे. आणि मधुमेहात तळपायांची आग होते ती चालल्याने जात नाही.

तुमच्या पत्रातला महत्त्वाचा शब्द म्हणजे पाळी. मेंदूत डोपामिन हे हालचालींवर ताबा ठेवणारं रसायन तयार व्हायला लोह लागतं आणि दर महिन्याला जास्त रक्त गेलं की लोहाचा साठा आटतो. हिमोग्लोबिन ठीक असूनही साठा रिकामा असू शकतो, म्हणून हा साठा दाखवणारी फेरिटिनची तपासणी सांगून करून घ्या. लॅबच्या कागदावर फेरिटिन २० असलं तरी 'नॉर्मल' छापलेलं असेल. या आजारात मात्र ते ७५ किंवा त्याहून कमी असेल तर लोह देण्याचा विचार करतात. लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नका, दोहोंत दोनेक तासांचं अंतर ठेवा. पाळी जास्त का जाते याचीही तपासणी हवी, नाहीतर भरलेला साठा पुन्हा रिकामा होईल.

सर्दीच्या गुंगी आणणाऱ्या गोळ्या आणि उलटीवरचं मेटोक्लोप्रामाइड यांनी हा त्रास वाढतो. झोपताना मिश्री लावत असाल तर ती बंद करा. तंबाखूतलं निकोटिन उत्तेजक असतं, त्याने झोप लांबते आणि वरच्या पत्रांतले झटकेही वाढतात. आपल्याकडे कितीतरी बायका रात्री शेवटचं काम म्हणून मिश्री लावतात आणि डॉक्टर विचारत नाहीत तोवर सांगत नाहीत. लोह भरूनही पाय थांबले नाहीत तर औषधं आहेत, तज्ज्ञ ती निवडतील. तोवर मुलीकडून पाय चेपून घ्यायला हरकत नाही, त्याने खरंच बरं वाटतं.

प्रश्न : छत्रपती संभाजीनगरला होस्टेलवर राहतो, वय २०. पहाटे जाग येते पण हातपाय हलत नाहीत, ओरडता येत नाही, छातीवर कुणीतरी बसलंय असं स्पष्ट जाणवतं. घरच्यांना सांगितलं तर ते देवऋषीकडे न्यायचं म्हणतात.

उत्तर : तुला जे जाणवतं ते खरं आहे, बाहेर मात्र कुणी नाही. स्वप्नांच्या झोपेत मेंदू हातापायांचे स्नायू सैल करून ठेवतो, नाहीतर आपण स्वप्नातलं धावणं अंथरुणातच धावलो असतो. कधी जाग आधी येते आणि स्नायूंचं कुलूप थोडं उशिरा निघतं. स्वप्नाचा अंश अजून चालू असतो, भीतीचं केंद्र जोरात असतं, म्हणून खोलीत कुणी असल्याचा भास होतो. श्वासाचा मुख्य पडदा या काळात चालू असतो, त्यामुळे गुदमरल्यासारखं वाटलं तरी श्वास थांबत नाही. काही सेकंद ते एक-दोन मिनिटांत हे आपोआप सुटतं. जगात साधारण शंभरातल्या आठ जणांना हा अनुभव कधीतरी येतो, विद्यार्थ्यांत त्याहून बराच जास्त, आणि त्याचं कारण बहुधा त्यांची जागरणंच.

उताणं झोपू नकोस, झोपेची वेळ रोज बदलू नकोस. तसं झालं तर उठायची धडपड न करता एक बोट किंवा पायाचा अंगठा हलवण्यावर लक्ष दे. रूममेटला सांगून ठेव, हात लावला की सहसा सुटतं. दिवसा वर्गात अनावर झोप येत असेल आणि जोरात हसल्यावर गुडघे ढिले पडत असतील, तर नार्कोलेप्सीसाठी तपासणी कर. आईवडिलांना हे उत्तर वाचायला दे. बाधा उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं हा महाराष्ट्रात २०१३च्या कायद्याने गुन्हा आहे, हेही त्यांना माहीत असू दे.

प्रश्न : वडील ६८ वर्षांचे, मधुमेह आहे, क्रिएटिनिन वाढलेलं. पायांच्या आगीसाठी महिन्यापूर्वी प्रीगॅबालिन सुरू झालं. आठवड्यापासून झोपेत आणि आता दिवसाही हातपायांना झटके येतात, हातातला घास पडतो, सारखे पेंगतात. झोपेचा आजार आहे का?

उत्तर : जागेपणी येणारे झटके, आणि सोबत पेंग, याला झोपेचा आजार समजून घरी थांबू नका. प्रीगॅबालिन शरीराबाहेर पडतं ते मूत्रपिंडांवाटे. मूत्रपिंडं मंदावली असली (वाढलेलं क्रिएटिनिन तेच सांगतं) की ते साठत जातं आणि नेमका हाच त्रास होतो. मूत्रपिंडांचं काम आणखी घसरून रक्तात विषारी द्रव्यं साचली तरीही असंच दिसतं, आणि साखर उतरली तरीही. आधी घरीच ग्लुकोमीटरवर साखर बघा, ७०च्या खाली असेल आणि ते गिळू शकत असतील तर लगेच साखरपाणी द्या. मग आजच, संध्याकाळची वाट न बघता, रुग्णालयात न्या. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या, वेदनाशामक आणि आयुर्वेदिक काढ्यांसकट, एका पिशवीत घालून बरोबर घ्या आणि प्रीगॅबालिन कधी व किती मात्रेने सुरू झालं ते तिथल्या डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा.